नरकासुराच्या हातातील मोटर

गेल्या दिवाळीच्या आदल्या रात्री, चतुर्दशी उजाडायला चार-पाच तास असताना, गोव्यात फोंड्यातील आमच्या वाड्यावर नरकासुराच्या पुतळ्याच्या पायाशी एक वाद झाला. तो तिथल्या तिथे मिटला, परंतु माझ्या मनात वर्षभर चालू राहिला. वाड्यावरच्या मुलांनी पंधरा दिवस खपून बांबूचा सांगाडा उभा केला होता, त्यात करड, म्हणजे वाळके गवत, भरले होते, वर वर्तमानपत्रांचे थर चिकटवले होते, आणि त्याचा मुखवटा पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकला होता. इतपत दरवर्षी होते. या वेळी मात्र माझ्या भाच्याने भंगारातून एका जुन्या व्हॅनच्या वायपरची मोटर आणली आणि बॅटरीला जोडून ती नरकासुराच्या खांद्यात बसवली. वायपरच्या मोटरचे चाक एकाच दिशेने फिरत असते, पण त्याला जोडलेली दांडी ते फिरणे मागे-पुढे अशा झोक्यात बदलते. त्यामुळे राक्षसाचा तलवारीचा हात सावकाश वर जाई, क्षणभर थांबल्यासारखा वाटे आणि खाली येई. मुलांनी त्याची छातीही उघडी ठेवली होती. आत सायकलची साखळी, दातेरी चाके आणि लाल दिवे होते.

शेजारचे काका देवळात पखवाज वाजवतात आणि चातुर्मासात भागवत वाचतात. त्यांनी बराच वेळ त्या छातीकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा नरकासुर कसला? हा यंत्रमानव झाला. पुराणात मोटर कुठे होती?" भाचा म्हणाला, "काका, त्याच्या नगराला आगीची आणि वाऱ्याची तटबंदी होती, असे तुम्हीच वाचले होते. तेव्हा ते चालले, मग मोटर का नको?"

मुलाचे म्हणणे खरे होते. भागवताच्या दशम स्कंधातील 59व्या अध्यायात नरकासुराच्या प्राग्ज्योतिषपुराचे जे वर्णन आहे, ते आजही वाचताना अंगावर रोमांच उभे करते. नगराभोवती डोंगरांचे दुर्ग आहेत, शस्त्रांचे दुर्ग आहेत, त्यांच्या आत पाणी, अग्नी आणि वारा यांचे वेढे आहेत आणि मुर नावाच्या दैत्याचे हजारो पाश सगळीकडून पसरलेले आहेत. कृष्ण सत्यभामेसह गरुडावरून येतो आणि एकेक वेढा वेगवेगळ्या आयुधाने फोडत जातो. गदेने डोंगर, बाणांनी शस्त्रे, चक्राने अग्नी, पाणी व वारा, आणि खड्गाने पाश. ज्या कोणी हे रचले त्याला कथेचे एक मर्म पुरते ठाऊक होते. अडथळा कितीही अद्भुत असला, तरी त्याचा उपाय त्या अडथळ्याच्या जातीचा असावा लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असे काही बोलले की श्रोत्यांतून कोणीतरी हमखास म्हणते, "म्हणजे आपल्याकडे हे सगळे पूर्वी होतेच." माझे म्हणणे ते नाही. आगीची तटबंदी ही कल्पना आहे, आणि कल्पना म्हणून ती थोर आहे. तिला इतिहासातील यंत्राचा पुरावा ठरवायला गेलो, तर विज्ञानाचे नुकसान होतेच, पण कल्पनेचे त्याहून अधिक होते. मग रचणाऱ्याच्या प्रतिभेला काही श्रेयच उरत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहून ठेवले, एवढाच अर्थ राहतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विमानविद्येच्या अभ्यासकांनी 1974 मध्ये 'वैमानिक शास्त्र' या प्रसिद्ध ग्रंथाची कसून तपासणी केली. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुराणाला कल्पनेचा मान आणि यंत्राला तपासणीची कसोटी, असे दोघांना आपापले देणे द्यावे, हे मला त्या अभ्यासातून पटले.

त्याच 1974 साली मराठीत एक वेगळी घटना घडली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलट वाचली की ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. परीक्षकांनी नावाकडे पाहून निकाल देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ स्वतःची कथा अनोळखी म्हणून स्पर्धेच्या पेटीत टाकतो, हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. पुढे नाशिकच्या 2021 च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आले नाही, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या पदावर बसला, याचा आम्हा वाचकांना झालेला आनंद शब्दांत मावणारा नव्हता. 20 मे 2025 रोजी ते गेल्याची बातमी आली, तेव्हा मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेत कामावर होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी 'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यांची कथा पुन्हा वाचली.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती शाळेत असताना. त्या वेळी ज्या ग्रंथालयात मी जात असे, तिथे सगळ्या विज्ञानकथा बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवलेल्या होत्या. आठवी झाल्यावर मला मोठ्यांच्या विभागाचे कार्ड मिळाले आणि त्याच दिवशी ते कपाट माझ्यासाठी बंद झाले. "आता ती पुस्तके तुमच्यासाठी नाहीत," असे मला सांगण्यात आले. ती नोंद कोणी आणि का तशी केली असेल याचा राग आता उरलेला नाही. परंतु ज्या भाषेत कृष्णविवराची कथा पऱ्यांच्या गोष्टींशेजारी ठेवली जाते, त्या भाषेत या दोन्ही प्रकारांना मोठ्यांचे साहित्य मानायला वेळ लागतो, हे दुःख अजून आहे.

गणपतीच्या त्या कथेत नेहमी उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू एकाएकी डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो, आणि डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. गोव्यात चवथीला घराघरांत गणपती बसतो, त्यामुळे उजवी सोंड म्हणजे कडक सोवळे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नारळीकरांनी तेवढ्या घरगुती खुणेवर सगळी कथा तोलली. तिच्यामागे मोबियसची पट्टी आहे. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली आणि तिच्यावरून उजव्या हाताचे चित्र एक फेरी फिरवून आणले, तर परत येताना ते डाव्या हाताचे झालेले असते. चित्र कोणी उलटवलेले नसते. ज्या वाटेने ते गेले, त्या वाटेलाच पीळ होता. अवकाशालाही असा पीळ असेल आणि त्यातून माणूस फिरून आला तर काय होईल, एवढा एकच प्रश्न लेखकाने विचारला आहे.

मी औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते, आणि त्या प्रश्नाचे पुढचे टोक मला तिथे सापडले. आमच्याकडे पोलारिमीटर नावाचे उपकरण आहे. काचेच्या लांब नळीत पदार्थाचे द्रावण भरायचे, सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश त्यातून सोडायचा, आणि डोळा लावून तबकडी फिरवायची. गोल क्षेत्राचे दोन अर्धे भाग सारखे उजळ दिसू लागले की तबकडीवरचा आकडा वाचायचा. ग्लुकोज त्या प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल उजवीकडे वळवते. काही पदार्थ ते डावीकडे वळवतात. याचे कारण असे की पुष्कळ रेणूंची आपल्या दोन हातांसारखी दोन रूपे असतात. घडण तीच, पण एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब, आणि एकावर दुसरे ठेवले तर जुळत नाही. कार्व्होन नावाच्या द्रव्याच्या एका रूपाला पुदिन्याचा वास येतो, तर त्याच्याच प्रतिबिंबाला शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरवेचा. नाकाला डावे-उजवे कळते, ते असे.

एके दिवशी नळीत द्रावण भरता भरता माझ्या मनात आले की तो गोलंदाज घरी जाऊन जेवला असता तर त्याचे काय झाले असते? आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती डाव्या रूपाची असतात, आणि आपल्याला पचणारी साखर उजव्या रूपाची. अंतर्बाह्य उलटलेल्या माणसाची पाचकद्रव्येही उलटी. त्याच्यापुढे पेज वाढली, माशाची कढी वाढली, तरी पोट भरूनही त्याच्या शरीराला त्यातले फारसे काही लागणार नाही. भरल्या ताटावर तो उपाशी राहील. त्या दिवशी बसमधून येताना मी अस्वस्थ होते आणि आनंदातही होते. चांगली विज्ञानकथा शेवटच्या ओळीवर संपत नाही. तिचा नियम इतका स्वच्छ असतो की वाचक स्वतः तो पुढे चालवू शकतो.

मराठीतील पुष्कळ विज्ञानकथांबद्दल माझी तक्रार नेमकी इथे आहे. विज्ञानाचा प्रसार व्हावा या सद्हेतूने आपल्याकडे हा प्रकार वाढवला गेला आणि त्या हेतूचे ऋण मी मानते. परंतु त्यामुळे कथेच्या मध्यावर एक प्राध्यापक येतो, त्याला एक अजाण मित्र असतो, आणि पुढची चार पाने व्याख्यानात जातात. माहिती मिळते, पण नियम पात्रांच्या आयुष्यावर आदळत नाही. दुसऱ्या बाजूला अद्भुतकथा आपण 'काहीही घडू शकते' असे म्हणून सैल सोडून दिली. काहीही घडू शकत असेल, तर जे घडते त्याची भीतीही वाटत नाही आणि नवलही वाटत नाही.

आजीने सांगितलेला देवचार असा सैल नव्हता. गावाचा राखणदार तो. रात्री खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन शिवेवरून फिरणारा. तिच्या सांगण्यात त्याचे नियम पक्के होते. तो शिवेच्या आतल्यांना राखतो, बाहेर त्याचे काही चालत नाही. वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, पण त्याने मागे वळून पाहायचे नाही. त्याला रोट द्यायचा तो ठरल्या दिवशी, चुकला तर चूक आपली. त्याला वाहिलेल्या वहाणा झिजतात, कारण तो खरोखर चालतो. त्या झिजलेल्या वहाणांपाशी आजीचा आवाज खाली येई आणि आमच्या अंगावर काटा येई. एवढ्या एका तपशिलाने देवचार आमच्या शेतापलीकडे प्रत्यक्ष चालू लागे. पुढे मी नारायण धारपांच्या भयकथा वाचल्या, तेव्हा त्यांच्यातही हीच शिस्त दिसली. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा 2018 चा हिंदी चित्रपट पाहताना ती पुन्हा भेटली. त्यातला हस्तर हा लोभी देवपुत्र सदा भुकेला आहे, म्हणून तो कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. तेवढ्यात त्याच्या लंगोटीतून मोहरा काढायच्या, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पडायचे नाही. चित्रपट हा नियम शेवटपर्यंत मोडत नाही. माणसाचा लोभ त्या नियमाला ताणून पाहतो, आणि जे होते ते त्या नियमातूनच होते. 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही जास्त लोकांनी गर्दी केली, ती मला याच कारणाने झालेली वाटते.

पणजीत 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. मी शक्य त्या वर्षी रजा काढून जाते, आणि जाताना जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी थोडी थांबते. काळ्या झग्यातला तो पाद्री, पुढे पसरलेले त्याचे हात आणि समोर कोसळत असलेली स्त्री, असे ते शिल्प आहे. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा गोमंतकीय पुढे एका फ्रेंच कादंबरीत तुरुंगातला शहाणा कैदी होऊन अमर झाला. पण मला त्याचे खरे काम अधिक मोलाचे वाटते. संमोहन हे संमोहकाच्या अंगातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवाने होते, असे त्या काळी मानले जाई. फारियाने सांगितले की तसा द्रव नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे घडते. त्याने अद्भुत नाकारले नाही. त्याच्या मागचा नियम शोधला.

इफ्फीतला माझा सर्वांत आवडता वेळ मात्र चित्रपटगृहाबाहेरच्या रांगेतला असतो. अनोळखी माणसे नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटावर तावातावाने बोलतात. "तो भूतकाळात गेला, तर त्याची जखम भरलेली कशी?" असे कोणी विचारते, आणि उत्तर देणारा तीन माणसे मागे उभा असतो. परदेशात विज्ञानकथेच्या चाहत्यांची संमेलने भरतात, त्यांचे मूळ या रांगेतच आहे असे मला वाटते. न्यूयॉर्कमध्ये 1939 च्या जुलैत पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले तेव्हा सुमारे दोनशे माणसे जमली होती, आणि चाहत्यांमधल्या भांडणापायी सहा जणांना दारातच अडवले गेले. प्रेम असले की भांडणही तेवढेच कडाक्याचे होते, हे तेव्हाही खरे होते. त्याच संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यकाळातील पोशाख घालून हिंडला. तो मर्टल डग्लस हिने शिवलेला होता, आणि ती स्वतःही तशाच वेशात आली होती. आज ज्याला कॉस्प्ले म्हणतात त्याची सुरुवात तिच्या शिलाईपासून सांगितली जाते. 1953 पासून या संमेलनात विज्ञानकथेसाठीचे ह्यूगो पुरस्कार दिले जाऊ लागले आणि ते संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचक, मत देऊन ठरवतात.

आमच्या मराठी साहित्य संमेलनाची परंपरा त्याहून जुनी आहे. 1930 मध्ये, पोर्तुगीज अमलातही, ते मडगावला भरले होते. पण आपल्या संमेलनात वाचक खाली बसतो आणि व्यासपीठाकडे पाहतो. मला हवी आहे ती बैठक जिथे वाचक लेखकाच्या नियमाला हात लावून पाहतो. वेशभूषेबद्दल तर गोव्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. शिगम्याच्या मिरवणुकीत पणजीच्या रस्त्यावर किती राम, किती राक्षस, किती दशमुखी रावण चालतात! चित्ररथांच्या आत डिझेलचे जनित्र धडधडत असते आणि वर हनुमान पर्वत उचलत असतो. हौस आहे, कारागिरी आहे, यंत्र आहे. फक्त मिरवणूक संपल्यावर कथेबद्दल बोलायला कोणी थांबत नाही.

म्हणून नरकासुराच्या रात्रीनंतर मी आणि भाच्याने बोलणाऱ्यांना बोलवायचे ठरवले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या पडवीत, एका वेळी एकच कथा. पहिल्या बैठकीला सात जण आले. दोन कॉलेजची मुले, एक निवृत्त शिक्षिका, माझी कारखान्यातली मैत्रीण, आम्ही दोघे, आणि कोणीही बोलावले नसताना शेजारचे काका. ते म्हणाले, "गणपतीची कथा आहे असे ऐकले, म्हणून आलो."

कथा वाचून झाली. मुलांनी कृष्णविवरापासून पृथ्वीच्या चुंबकत्वापर्यंत मुद्दे काढले, शिक्षिकेने उलटलेल्या माणसाला स्वतःचे हस्ताक्षर वाचता येईल का असे विचारले, आणि त्यावर अर्धा तास गेला. काका गप्प होते. शेवटी म्हणाले, "तोंडी सांगू नका. मला तो पीळ दाखवा." मी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली, आणि पेनाने उजव्या हाताचा पंजा काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. पट्टीवर एकेक बोट सरकत ते पंजा पुन्हा पुन्हा काढत गेले. पखवाजावर थाप बसवावी तितक्या जपून. फेरी पूर्ण झाली तेव्हा नवा पंजा जुन्यावर पडला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला आला.

"डावा झाला," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी कागदाची एक पट्टी स्वतः कापली, पीळ दिला, चिकटवली, आणि कात्री मागून ती मधोमध, लांबीच्या रेषेने कापत गेले. दोन कडी सुटी होतील म्हणून सगळे वाट पाहत होते. कात्री सुरू केलेल्या जागी परत आली, आणि काकांच्या हातात दुप्पट लांबीचे एकच कडे लोंबत राहिले.

त्यांनी ते उजेडाकडे धरून दोनदा फिरवले. "आणि मध्यावर न कापता काठापासून तिसऱ्या भागावर कापले तर?" त्यांनी विचारले. माझ्या भाच्याला उत्तर ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. त्याने फक्त कागदाची नवी पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.